पार्श्वभूमी: हॅमट्रॅमिकमध्ये जुलै २००४ ला नेमकं कशावर मतदान झालं होतं

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या हॅमट्रॅमिकचं नाव हल्ली बातम्यांत आलं की सोबत एक ठरलेलं वाक्य येतं, अमेरिकेतलं पहिलं मुस्लिम बहुमताचं शहर. आधी हे वाक्य नीट करून घेऊ, कारण नोव्हेंबर २०१५ मध्ये जे झालं ते म्हणजे सिटी कौन्सिलच्या सहापैकी चार जागा मुस्लिम नगरसेवकांकडे गेल्या, बहुमत आलं ते कौन्सिलमध्ये. गावात कुठल्या धर्माची किती माणसं आहेत हे तिथली जनगणना विचारतच नाही. पण एकदा छापून आलेलं वाक्य फिरत राहतं, आणि तसंच दुसरं वाक्य म्हणजे "या गावाने २००४ मध्ये लाऊडस्पीकरवरून अजान द्यायला परवानगी दिली". हे दुसरं वाक्य मला जास्त खटकतं, त्यामुळे ही नोंद मुख्यतः त्याच्याबद्दल आहे, पण आधी गावाबद्दल थोडं सांगायला हवं.

गाव म्हणजे जेमतेम ५.४ चौरस किलोमीटर, आणि जवळजवळ चारी बाजूंनी डेट्रॉईट शहर. ट्रॉय या उपनगराकडून आय-७५ महामार्गाने डेट्रॉईटच्या डाउनटाउनला जाणारे आपले मराठी लोक रोज त्याच्या कडेने जातात आणि बऱ्याच जणांना हे वेगळं शहर आहे हेच माहीत नसतं. नाव एका फ्रेंच-कॅनेडियन कर्नलचं, ज्याने १७९६ मध्ये ब्रिटिशांकडून डेट्रॉईटचा ताबा घेतला. स्पेलिंग बघून हॅमट्रॅम्क म्हणावंसं वाटतं पण तिथले लोक हॅमट्रॅमिक म्हणतात. १९१० पर्यंत इथे साडेतीन हजार माणसं होती, मग मोटार-उद्योगातल्या डोज बंधूंनी कारखाना बांधायला घेतला आणि १९२० च्या जनगणनेत आकडा ४८,६१५ वर गेला, दहा वर्षांत. आलेले बहुतेक पोलिश. डेट्रॉईटने गिळून टाकू नये म्हणून १९२२ मध्ये स्वतंत्र शहराचा दर्जा घेतला आणि तेव्हापासून २०२१ संपेपर्यंत महापौर कायम पोलिश वंशाचाच राहिला.

घरं बघितली की ती दहा वर्षं डोळ्यांसमोर येतात. लाकडी दुमजली घरं, खाली एक कुटुंब वर एक कुटुंब, आणि दोन घरांच्या मध्ये इतकी बारीक बोळ की हातात सामानाच्या पिशव्या असतील तर अंग तिरकं करून चालावं लागतं. खिडकी उघडली की शेजारच्यांच्या स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू येतं. आवाजाचा प्रश्न या गावात आधीपासूनच आहे तो असा, आणि पुढचं समजायला हे लक्षात ठेवावं लागेल.

मधला काळ भराभर सांगतो. १९३५ च्या उन्हाळ्यात इथल्या गृहिणींनी मटणाचे, म्हणजे सगळ्याच मांसाचे भाव वाढले म्हणून खाटकांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला आणि त्यातली पुढारी बाई पुढच्याच वर्षी कौन्सिलवर निवडून आली. १९३७ मध्ये डोजच्या कामगारांनी कारखान्यात बसून संप केला. १९५९ मध्ये इथल्या शाळकरी पोरांनी लिटल लीग बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली, ज्याबद्दल म्हातारी माणसं अजूनही बोलतात. एक गोष्ट मात्र गावाच्या अभिमानाच्या कहाणीत कमी सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. साठच्या दशकात नगर-सुधारणेच्या नावाखाली काळ्या लोकांच्या वस्त्या पाडल्या गेल्या, १९६८ मध्ये लोक कोर्टात गेले, १९७१ मध्ये फेडरल न्यायाधीशाने स्पष्ट म्हटलं की शहराने काळ्यांना हटवण्यासाठीच हे केलं, आणि त्या बदल्यात द्यायची घरं पूर्ण व्हायला जवळपास चाळीस वर्षं लागली. चाळीस वर्षं म्हणजे ज्यांची घरं गेली त्यातली कितीतरी माणसं तोवर वारलेली होती.

१९८० च्या जानेवारीत डोजचा कारखाना बंद पडला. मग जनरल मोटर्सला नवीन कारखान्यासाठी ४६५ एकर जागा हवी होती, तर जुना डोज आणि त्याला लागून डेट्रॉईटच्या हद्दीतली पोलटाऊन नावाची वस्ती, असं मिळून द्यायचं ठरलं. इथे एक घोटाळा कायम होतो, पोलटाऊन म्हणजे हॅमट्रॅमिक असं लोक धरून चालतात, पण वस्ती डेट्रॉईटची, कारखाना दोन्ही हद्दींवर. चार हजारांवर माणसं उठवली गेली, तेराशेच्या आसपास घरं पाडली. एका चर्चमध्ये लोक २९ दिवस ठाण मांडून बसले होते, जुलै १९८१ मध्ये पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हे भूसंपादन योग्य ठरवलं होतं. एक जुनं ज्यू कब्रस्तान मात्र तसंच राहिलं, ते आज कारखान्याच्या आवारात आहे, आजूबाजूला पार्किंग आणि शेड, आणि वर्षातून दोनच रविवारी ज्यू सणांच्या आधी नातेवाईकांसाठी फाटक उघडतात.

पोलिश तरुण पिढी तोवर उपनगरांत निघून गेली होती, घरं स्वस्त झाली होती. येमेनी कामगार डोज चालू होता तेव्हापासूनच येत होते, नव्वदच्या दशकात बोस्नियातून निर्वासित आले, आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं भाडं परवडेना म्हणून बांगलादेशी, त्यातही सिल्हेटचे, कुटुंबंच्या कुटुंबं इकडे आली, कारण इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत काम मिळायचं आणि घर विकत घेता यायचं. हे सगळं गोडीगुलाबीने झालं नाही. १९९९ च्या निवडणुकीत मतदान केंद्रावर सावळ्या रंगाच्या किंवा अरबी वाटणाऱ्या नावाच्या मतदारांना अडवून तुम्ही नागरिक आहात अशी शपथ घ्यायला लावली, त्यावर फेडरल न्याय खात्याने शहरावर कारवाई केली. २००४ च्या मतदानाकडे बघताना हे पाचच वर्षांपूर्वीचं आहे हे विसरता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. २००४ च्या सुरुवातीला एका बांगलादेशी मशिदीने कौन्सिलला विनंती केली की आम्हाला अजान लाऊडस्पीकरवरून द्यायची आहे. शहराच्या आवाजाच्या नियमात अजानला बंदी नव्हतीच. चर्चच्या घंटा कित्येक पिढ्या वाजतच होत्या, त्यासाठी कुणी परवानगी घेतलेली नव्हती, आणि जवळच्याच डिअरबॉर्न शहरात अजान कित्येक वर्षं चालू होती. मशिदीने विचारलं ते शेजारधर्म म्हणून, आधी कानावर घालावं म्हणून. कौन्सिलने एप्रिलमध्ये एकमताने नियमात एक कलम घातलं. त्यात अजान, चर्चच्या घंटा आणि प्रार्थनेची सूचना द्यायचे इतर वाजवी मार्ग हे सगळं एकत्र घेतलं, सकाळी ६ ते रात्री १० एवढाच वेळ दिला, एका वेळी पाच मिनिटांच्या वर नाही, आणि आवाज किती असावा हे ठरवायचा अधिकार शहराकडे ठेवला.

म्हणजे ज्याला सगळे परवानगी म्हणतात ते खरं तर बंधन होतं. त्या भागात जूनमध्ये सूर्य मावळायलाच नऊ वाजून जातात, इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, वेळ दहाच्या पुढे जाते, फजर, म्हणजे पहाटेची नमाज, तर सहाच्या कितीतरी आधी, त्यामुळे उन्हाळ्यात पाचातल्या दोन अजानी स्पीकरवरून देताच येणार नाहीत असं ते कलम होतं. मशिदीने ते मान्य केलं. मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पहिली अजान झाली तेव्हा गल्लीत जगभरचे पत्रकार कॅमेरे घेऊन उभे होते, बाहेरगावाहून निषेध करायला आलेले लोक होते आणि वेगवेगळ्या धर्मांचे पाठिंबा द्यायला आलेलेही होते.

विरोध करणाऱ्यांनी सह्या गोळा केल्या आणि कलम रद्द करायचं की नाही यावर २० जुलैला मतदान लागलं. त्यांचा एक मुद्दा मी हलक्यात घेणार नाही. ते म्हणायचे घंटा म्हणजे नुसता नाद, अजानमध्ये शब्द आहेत, माझा देव सोडून दुसऱ्याची महती मी माझ्या घरात बसून दिवसातून पाच वेळा का ऐकू. दोन घरांमधली ती बोळ आठवा, म्हणजे या तक्रारीतलं खरेपण कळतं. पण घंटाही बोलावतेच ना, ती कशासाठी वाजते हे गावात प्रत्येकाला ठाऊक असतं, फक्त सवय झालेली असते. आणि यातली सगळ्यात मोठी गफलत अशी की कलम रद्द झालं असतं तरी अजान थांबली नसती. उलट वेळेची आणि आवाजाची मर्यादा गेली असती. ज्यांना अजान नको होती ते, मला वाटतं, स्वतःच्याच विरुद्ध मत द्यायला निघाले होते, आणि हे त्यांना नीट समजावून सांगणारं कुणी भेटलं नाही. साधारण ५५ टक्क्यांनी कलम टिकलं. बातमी मात्र झाली ती "गावाने अजानच्या बाजूने कौल दिला" अशी, आणि वीस वर्षं झाली तरी तीच चालू आहे. आपल्याकडे भोंग्यांच्या वादात सुद्धा परवानगी आणि मर्यादा हे दोन शब्द असेच एकमेकांत मिसळतात, म्हणून मराठी वाचकाला हा फरक लगेच लक्षात येईल असं वाटतं.

योगायोग असा की त्याच जुलैच्या अखेरीस राज्याच्या सुप्रीम कोर्टाने पोलटाऊनचा १९८१ चा निकाल चुकीचा होता असं म्हणून फिरवला. तोवर त्या जागेवर गाड्या बनवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती.

पुढचं बहुतेकांनी वाचलेलं आहे. २००८ मध्ये कॉनंट रस्त्याच्या एका भागाला बांगलादेश अव्हेन्यू हे मानाचं नाव मिळालं, आणि त्याच वर्षी समलिंगी लोकांना भेदभावापासून संरक्षण देणारा नियम मतदारांनी रद्द केला. पुढे मतपत्रिका बंगालीतही छापायला लागले. २०१३ मध्ये तिजोरी रिकामी म्हणून राज्याने प्रशासक बसवला. २०२२ च्या जानेवारीत येमेनमध्ये जन्मलेला महापौर आणि पूर्णपणे मुस्लिम कौन्सिल आली. जून २०२३ मध्ये शहराच्या जागेवर प्राइड झेंडा, म्हणजे समलिंगी समुदायाचा झेंडा, लावता येणार नाही असा ठराव एकमताने झाला, २०२१ मध्ये तो सिटी हॉलसमोर फडकला होता. २००४ मध्ये अजानच्या बाजूने उभे राहिलेल्या काही जुन्या रहिवाशांना तो ठराव फार लागला, आणि मला त्यांचं दुःख खरं वाटतं. ठरावाच्या बाजूचे म्हणाले की सगळ्यांना एकच नियम. कुठले झेंडे चालतील याची यादी मात्र त्यात आहे, देशाचा, राज्याचा, शहराचा, युद्धकैद्यांचा, आणि गावातले लोक ज्या ज्या देशांतून आले त्या देशांचे.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ, सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी आजही जोसेफ कॅम्पो रस्त्यावर पहाटे अंधारात बेकऱ्यांसमोर रांगा लागतात, फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत, पूंचकी म्हणजे तळलेले पोलिश डोनट घ्यायला, ज्यात गुलाबाचा नाहीतर प्लमचा मुरंबा भरलेला असतो आणि हातात डबा घेतला की तळाचा पुठ्ठा गरम लागतो. रांगेत उपनगरांतून आलेली पोलिश नातवंडं असतात. गावात राहायला मात्र दुसरेच लोक आलेत, २०१० मध्ये २२,४२३ असलेली वस्ती २०२० मध्ये २८,४३३ झाली, त्याच दहा वर्षांत बाजूचं डेट्रॉईट कमी झालं.