ब्रिटनमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) आहात? अप्रेझलसाठी क्लिनिकल ऑडिटची तयारी अशी करा

ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस करायची तर जनरल मेडिकल कौन्सिलचं (जीएमसी) लायसन्स टिकवावं लागतं. त्यासाठी दरवर्षी अप्रेझल (कामाचा आढावा) आणि डिसेंबर २०१२पासून साधारण दर पाच वर्षांनी रिव्हॅलिडेशन (लायसन्स पुढे चालू ठेवायचं का, याचा निर्णय). पार्टनर (दवाखान्यातले भागीदार), पगारी, लोकम (बदली डॉक्टर), अर्धवेळ, सगळ्यांना हे लागू आहे. महाराष्ट्रातून एमबीबीएस करून गेलेले बरेच जण सीपीडीचे (चालू व्यावसायिक शिक्षणाचे) तास भराभर जमवतात आणि ऑडिट, म्हणजे आपले उपचार ठरलेल्या निकषांनुसार होतात का याची तपासणी, शेवटच्या महिन्यावर ढकलतात. तिथेच गाडी अडते.

अप्रेझलला लागणारी कागदपत्रं सहा प्रकारची: सीपीडी, गुणवत्ता सुधारणेचं काम, गंभीर घटना, रुग्णांचा अभिप्राय, सहकाऱ्यांचा अभिप्राय, तक्रारी-कौतुक. दोन्ही अभिप्राय पाच वर्षांतून निदान एकदा. ऑडिट दुसऱ्या प्रकारात बसतं. किती ऑडिट हवीत, हा आकडा जीएमसीने ठरवून दिलेला नाही.

पण ऑडिट म्हणजे नुसती आकडेमोड नव्हे. उदाहरणार्थ, मेथोट्रेक्सेट, हे संधिवातासारख्या आजारांवरचं औषध. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची; डोस स्थिरावलेल्या रुग्णाची रक्ततपासणी किमान दर १२ आठवड्यांनी व्हायला हवी. सर्जरीच्या (जीपीच्या दवाखान्याच्या) कॉम्प्युटरवर अशा रुग्णांची यादी काढा. समजा, ४० पैकी ३१ जणांचीच तपासणी वेळेत झालीय. उरलेल्या नऊ जणांना आधी बोलवा, अप्रेझल नंतर. मग रिपोर्ट पाहिल्याशिवाय रिपीट प्रिस्क्रिप्शन निघणार नाही अशी व्यवस्था लावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. ही दुसरी मोजणीच बहुतेक जण विसरतात.

लोकमना स्वतःची रुग्णयादी नसते. त्यांनी आपले रेफरल (तज्ज्ञांकडे रुग्ण पाठवण्याची पत्रं) किंवा अँटिबायोटिक प्रिस्क्रिप्शन तपासावेत. ऑडिट सगळ्या टीमचं असेल तर आपण नेमकं काय केलं ते लिहा. अपलोड करण्याआधी रुग्णाचं नाव, जन्मतारीख, एनएचएस नंबर (सरकारी आरोग्यसेवेतला रुग्णाचा ओळख क्रमांक) काढून टाका. यात हयगय नको.

जीएमसीच्या ऑनलाइन खात्यात आपली ‘डेझिग्नेटेड बॉडी’ (आपलं अप्रेझल आणि रिव्हॅलिडेशन पाहणारी संस्था) बरोबर नोंदवलीय ना, ते पाहून घ्या. अप्रेझर (आढावा घेणारा डॉक्टर) फाइल वाचून तुमच्याशी चर्चा करतो, पुढच्या वर्षाचा आराखडा ठरतो. रिव्हॅलिडेशनची शिफारस रिस्पॉन्सिबल ऑफिसर (त्या संस्थेतला यासाठी जबाबदार वरिष्ठ डॉक्टर) करतो, निर्णय जीएमसीचा. कागद अपुरे असले, आजारपण किंवा बाळंतपणाची रजा झाली, तर तारीख पुढे ढकलण्याची शिफारस होऊ शकते. ती शिक्षा नव्हे. तेवढ्या काळात लायसन्स चालूच राहतं. अप्रेझलच टाळत राहिलात, तर मात्र लायसन्स जाऊ शकतं.