किंबर्लीचे जुने फोटो: दोरांचं जाळं, कंपाउंडची भिंत आणि मधली वीस वर्षं

दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणीचे १८७० च्या दशकातले फोटो तुम्ही कुठेतरी पाहिले असतीलच. भलामोठा खड्डा, वर पांढरंफटक आकाश आणि खड्ड्याच्या काठापासून तळापर्यंत ताणलेले शेकडो दोर, इतके की खालची माणसं शोधावी लागतात. फोटो जबरदस्त आहेत यात वादच नाही. पण त्यांच्या शेजारी १८९०-१९०० च्या आसपासचे फोटो ठेवून बघा. दोर गायब, खड्डा ओसाड, आणि काळे खाणकामगार दिसतात ते उंच पत्र्यांच्या आत, डोक्यावर तारेची जाळी असलेल्या अंगणात. मधल्या वीसेक वर्षांत काय झालं हे माहीत नसेल तर दोन्ही फोटो नुसते 'गेले ते दिवस' टाइप वाटतात, आणि तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही पार्श्वभूमी जरा सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की या फोटोंमध्ये जो बदल दिसतो तो कॅमेऱ्याचा कमी आणि खाणीच्या मालकीचा जास्त आहे.

सुरुवात १८६७ ची. ऑरेंज नदीजवळ होपटाउनच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या मुलाला एक चमकता दगड सापडला, तो २१ कॅरेटचा हिरा निघाला. मग १८६९ मध्ये एका ग्रिक्वा (तिथल्या एका स्थानिक समाजातल्या) मेंढपाळाला ८३.५ कॅरेटचा दगड मिळाला जो पुढे 'स्टार ऑफ साउथ आफ्रिका' म्हणून गाजला, आणि त्याने तो ५०० मेंढ्या, १० बैल आणि एका घोड्याच्या बदल्यात विकला. त्यानंतर लोकांची रीघ लागली. आधी नदीकाठी खणलं, मग नदीपासून लांब कोरड्या माळावर, ड्युटॉइट्सपान, बल्टफाँटेन, मग डी बिअर नावाच्या भावांच्या शेतात, आणि जुलै १८७१ मध्ये त्याच शेतातल्या कोल्सबर्ग कोप्ये नावाच्या टेकडीवर. ती टेकडी आज नाहीये. जिथे टेकडी होती तिथेच आता तो खड्डा आहे, जगभर 'बिग होल' म्हणतात तो.

जमीन कोणाची हा प्रश्न लगेच आला. ग्रिक्वांचा प्रमुख निकोलास वॉटरबोअर, स्थानिक ट्लापिंग लोक, ऑरेंज फ्री स्टेट आणि ट्रान्सवाल ही बोअर लोकांची (डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांची) दोन राज्यं, सगळेच हक्क सांगत होते. लवादाने कौल वॉटरबोअरच्या बाजूने दिला, त्याने आधीच ब्रिटिशांचं संरक्षण मागितलेलं होतं, आणि २७ ऑक्टोबर १८७१ ला ब्रिटिशांनी सगळा प्रदेशच ताब्यात घेतला. पुढे फ्री स्टेटची तक्रार मिटवायला ९०,००० पौंड दिले. ग्रिक्वांच्या हातात फार काही उरलं नाही. १८७३ मध्ये गावाला ब्रिटिश वसाहतमंत्री लॉर्ड किंबर्लीचं नाव दिलं गेलं, आणि फोटोखाली आपण जे नाव वाचतो ते तेव्हापासूनचं.

आता त्या दोरांकडे येऊ, कारण फोटोचा सगळा अर्थ तिथे आहे. सुरुवातीला टेकडीचे ३१ फूट बाय ३१ फूट असे चौकोनी क्लेम, म्हणजे खणायच्या हक्काचे तुकडे, पाडले होते, साधारण मुंबईतल्या बऱ्यापैकी मोठ्या टू बीएचके एवढी एकेकाची जागा. असे चारशेहून जास्त क्लेम, आणि त्यांचेही पुढे अर्धे, चौथाई असे तुकडे पडले. एका माणसाला दोनपेक्षा जास्त क्लेम ठेवता येत नव्हते. माती वाहून न्यायला मध्ये मध्ये रस्ते सोडले होते, पण प्रत्येक जण आपापल्या वेगाने खाली खणणार म्हटल्यावर एक क्लेम दहा फूट खोल, शेजारचा चाळीस फूट, आणि रस्ता दोघांच्या मध्ये भिंतीसारखा उभा. ते रस्ते ढासळले, माणसं मेली. मग काठावर लाकडी मचाण बांधून तिथून प्रत्येक क्लेमपर्यंत स्वतंत्र दोर टाकले, त्यावरून कातड्याच्या बादल्या वरखाली व्हायच्या. म्हणून एवढे दोर. प्रत्येक दोराच्या खालच्या टोकाला एक वेगळा मालक आहे, निदान वेगळा तुकडा तरी आहे.

आणि आकाश पांढरं का? तेव्हा ओल्या कलोडियनची पद्धत होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत, काही मिनिटांत, तंबूतल्या अंधारात डेव्हलप करायची. त्या काचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार चटकन व्हायचा त्यामुळे आकाश करपून पांढरं व्हायचं. खाणीवर धूळ मरणाची, पाणी विकत घ्यावं लागायचं, अशा ठिकाणी ग्रे ब्रदर्ससारख्या फोटोग्राफरांनी एवढे स्वच्छ फोटो काढले याचं खरंच कौतुक वाटतं. पण एक्स्पोजरला काही सेकंद लागायचे, हलणारा माणूस धूसर व्हायचा. बऱ्याच फोटोंमध्ये स्पष्ट दिसतो तो कमरेवर हात ठेवून थांबलेला गोरा क्लेमवाला, आणि ज्यांना थांबायची मुभा नव्हती ते पुसट आहेत. फोटोग्राफरने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण झालं असं.

ती पुसट माणसं कोण होती? पेडी, सोथो, ट्लापिंग, त्सोंगा, शेकडो मैल चालत आलेली. काही महिने काम करायचं, पैसे साठवायचे, अनेकांनी बंदूक घ्यायची आणि गावी परत जायचं. बंदूक का, तर बोअर आणि ब्रिटिश दोघेही जमिनी बळकावत होते आणि आपल्या राज्याचं रक्षण करायचं होतं. पेडी राजांनी तर तरुणांना यासाठीच पाठवलं. याचा वसाहतीला धसका बसला, १८७८ मध्ये ब्रिटिशांच्या केप वसाहतीने शस्त्रं काढून घेण्याचा कायदा केला आणि त्यातून बासुटोलँडमध्ये (आजच्या लेसोथोत) १८८०-८१ चं 'गन वॉर' पेटलं. सांगायचा मुद्दा हा की हे लोक कोणाच्या ताब्यातले गुलाम म्हणून आले नव्हते, स्वतःचं गणित घेऊन आले होते.

शिवाय अगदी सुरुवातीला काही काळ्या माणसांकडे स्वतःचे क्लेमही होते, हे फार जणांना माहीत नसतं. गोऱ्या खणणाऱ्यांना ते सहन झालं नाही. चोरीचे हिरे यांच्यामार्फतच फिरतात असा आरोप करत १८७२ मध्ये त्यांनी दंगे केले, आणि त्याच वर्षीच्या फर्मानाने नोकरांना पास आणि कराराची सक्ती झाली. १८७५ मध्ये गोऱ्या खणणाऱ्यांनी 'ब्लॅक फ्लॅग' बंड केलं, त्यांच्या मागण्यांमध्ये काळ्यांना क्लेम नकोत हीसुद्धा होती. बंड मोडलं, पण काळे क्लेमधारक हळूहळू संपलेच.

मग मालकी गोळा व्हायला लागली. क्लेमच्या संख्येवरची मर्यादा १८७६ मध्ये उठवली, वाफेची इंजिनं आली, कडा कोसळून खड्डा भरायला लागला, तो उपसायचा खर्च छोट्या माणसाला झेपेना. कंपन्या आल्या. १८८५ मध्ये रेल्वे पोचली. १८८८ मध्ये ब्रिटिश खाणमालक सेसिल ऱ्होड्सची डी बिअर्स कन्सॉलिडेटेड ही कंपनी उभी राहिली, दुसरा बडा खाणमालक बार्नी बार्नाटोबरोबरची स्पर्धा तिथेच मिटली, आणि १८८९ मध्ये किंबर्ली सेंट्रल कंपनीची मालमत्ता घ्यायला ५३,३८,६५० पौंडांचा एकच चेक फाडला गेला. त्या चेकचाही फोटो प्रसिद्ध आहे! तर शेकडो दोरांपासून एका चेकपर्यंत अठरा वर्षं. त्यात आता काम जमिनीखाली बोगद्यांमध्ये गेलेलं, म्हणजे उघड्या खड्ड्यात फोटो काढण्यासारखं काही राहिलंच नाही.

याच काळात कामगारांभोवती भिंत आली. १८८२ च्या कायद्याने हिऱ्यांच्या बेकायदा व्यापाराला १५ वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, १८८३ पासून अंगझडती सक्तीची. गोऱ्या कामगारांनी त्याविरुद्ध संप केले, १८८४ च्या संपात गोळीबार होऊन त्यांच्यातले काही मेले, पण त्यानंतर त्यांचे कपडे उतरवायचा प्रकार थांबला. काळ्या कामगारांचा थांबला नाही. उलट १८८५ पासून त्यांच्यासाठी बंद कंपाउंड, म्हणजे भिंतीआडच्या कामगार वसाहती, सुरू झाली आणि १८८९ पर्यंत जवळपास सगळेच आत. काही महिन्यांच्या करारात बाहेर पडायचं नाही, खाणीतून कंपाउंडमध्ये आणि कंपाउंडमधून खाणीत, खरेदी आतल्याच दुकानात. वर तारेची जाळी ती कोणी हिरा डब्यात घालून भिंतीपलीकडे फेकू नये म्हणून. करार संपला की सोडायच्या आधी काही दिवस वेगळ्या खोलीत नागडं ठेवायचे आणि हाताला चामडी मोजे बांधायचे, हिरा गिळला असेल तर तो सापडावा म्हणून. हे वाचून पोटात कालवतं आणि कालवायलाच हवं.

या कंपाउंडचे फोटो पुष्कळ आहेत आणि इथेच फार सावध राहावं लागतं. पाहुण्यांना कंपाउंड दाखवली जायची, त्याची पोस्टकार्डं निघाली, दोन भिंगांतून बघायची स्टिरिओ कार्डं निघाली. त्यात पोहण्याचा हौद दिसतो, नाच दिसतो, चुलीवर शिजणारं अन्न दिसतं. हे खोटं नाही. पण कॅमेरा आत गेला तो कंपनीच्या परवानगीने, आणि ज्या वेळेला गेला ती वेळही कंपनीने ठरवलेली. न्यूमोनियाने कंपाउंडमध्ये किती माणसं जायची ते पोस्टकार्डावर येत नाही. १८८३-८४ ची देवीची साथही तशीच. कामगार पळतील आणि खाणी बंद पडतील या भीतीने गावातल्या काही डॉक्टरांनी, त्यात पुढे ट्रान्सवालवरच्या फसलेल्या हल्ल्यामुळे, 'जेम्सन रेड'मुळे, बदनाम झालेला लिअँडर जेम्सनही होता, ही देवी नाहीच असं लिहून दिलं आणि शेकडो लोक मेले. ब्रिटिश आणि बोअर यांच्यातल्या युद्धात (१८९९-१९०२) १२४ दिवस किंबर्लीला वेढा पडला तेव्हाच्या फोटोंत तोफगोळ्यांपासून वाचायला खाणीत उतरलेल्या गोऱ्या बायकामुलांची कहाणी ठळक आहे, पण कंपाउंडमध्ये अडकून स्कर्व्हीने (ताज्या भाज्या-फळांअभावी होणाऱ्या आजाराने) मेलेल्या काळ्या कामगारांकडे क्वचितच कोणाचं लक्ष जातं.

यानंतरचं महत्त्वाचं नाव फोटोग्राफर आल्फ्रेड डगन-क्रोनिन. जन्म १८७४, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातला, १८९७ मध्ये किंबर्लीला येऊन डी बिअर्सच्या कंपाउंडमध्ये रखवालदारीच्या नोकरीला लागला. १९०४ मध्ये साधा कॅमेरा घेतला आणि समोर असलेल्या कामगारांचेच फोटो काढायला लागला. पुढे किंबर्लीतल्या मॅकग्रेगर म्युझियमच्या मरिया विल्मनच्या प्रोत्साहनाने तो हे कामगार जिथून यायचे त्या गावांत फिरला, हजारो फोटो काढले, १९२५ मध्ये किंबर्लीत गॅलरी उघडली, १९२८ पासून त्याचे खंड छापले जायला लागले. त्याच्या दौऱ्यांत बरोबर असायचा रिचर्ड मडेला, गाडी, भाषा, लोकांशी बोलणं यात त्याचा मोठा वाटा, पण नाव मात्र बराच काळ मागे राहिलं.

फोटोंमधली माणसं देखणी, स्वाभिमानी दिसतात, डगन-क्रोनिनला त्यांच्याबद्दल आपुलकी होती हे कळतं. अडचण दुसरी आहे. त्याला 'मूळ' आफ्रिका हवी होती, त्यामुळे जी माणसं शर्ट-पँट घालून, रेल्वेने खाणीवर ये-जा करत होती त्यांना कातडी आणि मणी घालून उभं केलं, कपडे सोबत नेले, तेच कपडे वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर सापडतात. आणि खाली माणसाचं नाव नाही, जमातीचं नाव. आपल्याकडेही हे झालेलं आहे बरं का, १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींचे जे फोटो छापले त्यातली माणसं एका ठिकाणी काढलेली आणि मागचं दृश्य दुसरीकडून आणून जोडलेलं आहे. दोन्हीकडे विचार एकच, माणूस हा नमुना. खाणीने ज्या गावांचं पुरुष बळ काढून नेलं तीच गावं फोटोत जणू कधी बदललीच नाहीत अशी दिसतात, आणि हे फोटो काढणाऱ्याच्या कामाला खाणीच्याच कंपनीचा आधार, १९३८ मध्ये गॅलरीला मोठी वास्तूसुद्धा डी बिअर्सनेच दिली.

पण किंबर्लीत याच वेळी दुसरेही फोटो निघत होते. गावात मिशन शाळांत शिकलेला काळा मध्यमवर्ग होता, तारखात्यात, कोर्टात, शाळांत काम करणारा. १८९४ मध्ये सोल प्लाटये पोस्टात निरोप्या म्हणून इथे आला, पुढे पत्रकार झाला, लेखक झाला, १९१२ मध्ये ज्या संघटनेची पुढे एएनसी (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) झाली तिचा पहिला सरचिटणीस झाला. ही माणसं स्टुडिओत स्वतः जायची, स्वतः पैसे द्यायची, सूट, टाय, हातात पुस्तक, शेजारी बायको-मुलं, आणि आपण कसे दिसायचं ते स्वतः ठरवायची. यात पाश्चात्त्यांची नक्कल आहे असं कोणी म्हणतं ते मला पटत नाही, मतदानाचा हक्क मालमत्ता आणि उत्पन्नावर मोजला जात असताना असा फोटो हा एक दावा होता.

जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोचे फोटोग्राफर सांतू मोफोकेंग यांनी १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या कुटुंबांकडचे १८९० ते १९५० मधले असे फोटो घरोघरी जाऊन गोळा केले. काही भिंतीवर लावलेले होते, काही कपाटात पडलेले, आणि जिथे जमलं तिथे त्यांनी कुटुंबाकडून नावं, गावं, कामधंदा विचारून घेतला. जिथे नाव मिळालं नाही तिथे हा माणूस कोण, तो इथे कशासाठी आला होता, असे सरळ प्रश्नच फोटोसोबत ठेवले. डगन-क्रोनिनच्या संग्रहातल्या माणसांबद्दल हेच प्रश्न विचारायला आता ज्या गावांत ते फोटो निघाले तिथल्या वयस्क लोकांकडेच जावं लागेल, कारण कॅप्शनमध्ये उत्तर नाही, आणि 'बिग होल'ची खाण तर १४ ऑगस्ट १९१४ लाच बंद झाली, २ कोटी २० लाख टन माती उपसून आणि २,७२० किलो हिरे काढून.