साहित्य नेण्याआधी माणसं ठरवा: हौशी नाट्यसंस्थांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. आमच्याकडून प्रयोगासाठी नेपथ्य, ड्रेपरी (नटांचे कपडे) किंवा लाइट्स नेताना पावतीसोबत हे पत्रक आम्ही मुद्दाम देतो. प्रयोगात गोंधळ झाला की साहित्याला बोल लागतो. चौकशी केली तर बहुतेक वेळा असं निघतं की वस्तू जागेवरच होती, पण ती कोणी न्यायची हे ठरलेलं नव्हतं. हौशी संस्थेत सगळे आपापला वेळ काढून, एक पैसा न घेता येतात. त्यामुळे कामं वाटून द्यायला संकोच वाटतो आणि ‘जमेल तशी मदत करा’ एवढ्यावर भागवलं जातं. असं सांगितलेला माणूस दुसऱ्या तालमीला येत नाही. ‘दुसऱ्या अंकातला कंदील तुझा’ असं सांगितलेला येतो.

म्हणून आमच्याकडून साहित्य नेताना एक कोरा तक्ता मिळेल. कामं छापलेली आहेत, समोर नावं तुम्ही लिहायची. तो भरताना उपयोगी पडेल असं काही पुढे लिहिलं आहे.

रंगमंचावर

मुख्य भूमिका दिग्दर्शक ठरवतो, तिथे आम्ही काही सांगायला नको. सांगायचं आहे ते दोन वाक्यांच्या भूमिकांबद्दल आणि गर्दीबद्दल. नव्या माणसाला रंगमंचाची सवय इथे होते, पण त्याला फक्त ‘मागे उभा राहा’ असं सांगितलं तर हातांचं काय करावं हेच त्याला कळत नाही. आठ जणांची गर्दी असेल तर आठही जणांना एकेक काम द्या: एकीला मुलाला शोधायचं आहे, एकाला फक्त भांडणाची मजा बघायची आहे, एकाला घाईनं पलीकडे जायचं आहे. गर्दी लगेच जिवंत दिसते.

मोठ्या भूमिकेला बदली नट ठेवता आला तर ठेवाच. त्याला निदान एक तालीम पूर्ण उभ्यानं करायला मिळायला हवी. नुसतं पाठांतर ऐन वेळी पुरत नाही, कारण पाय कुठे जायचे हे पाठांतरात नसतं.

विंगेत

भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकमंडळींची यादी येते. तीत सूत्रधार आणि नट यांच्यासोबत मुकुट करणारा, दागिने घडवणारा, माळा गुंफणारा, चित्रकार आणि रजक (धोबी) हेही आहेत. तेव्हा श्रेयनामावली वाचताना बॅकस्टेजची सगळी नावं घ्या, ‘आणि इतर’ म्हणून गुंडाळू नका.

बॅकस्टेजला सर्वांत आधी रंगमंच व्यवस्थापक शोधा. शक्य असेल तर नट ठरण्याच्याही आधी. हा माणूस पहिल्या तालमीपासून बसतो. त्याच्या संहितेत एका बाजूला छापील पान आणि समोर कोरं पान असतं. कोऱ्या पानावर कोण कुठून आलं, कुठे बसलं, कोणत्या शब्दावर प्रकाश बदलला, हे सगळं पेन्सिलीनं. पेन्सिलच हवी, कारण तालमीत रोज काहीतरी बदलतं. प्रत्येक क्यूला, म्हणजे प्रकाश किंवा आवाज बदलायच्या इशाऱ्याला, क्रमांक द्यायचा. प्रयोगात तो आधी ‘लाइट बारा, स्टँडबाय’ म्हणतो, ऑपरेटरचं ‘स्टँडबाय’ ऐकतो आणि नेमक्या शब्दावर ‘गो’ म्हणतो. हेडफोनवर एरवी बोलताना ‘गो’ हा शब्द कोणीच उच्चारायचा नाही, नाहीतर ब्लॅकआउट भलत्याच वाक्यावर पडतो.

पडदा उघडल्यावर प्रयोग व्यवस्थापकाच्या हातात असतो. दिग्दर्शकानं प्रेक्षागृहात जाऊन बसावं. विंगेत उभं राहून त्यानंही सूचना द्यायला सुरुवात केली की नटांना दोन मालक होतात. प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की विंगेतून हळूच वाक्य सांगणारा, वेगळा ठेवा. व्यवस्थापकाची नजर रंगमंचावर आणि प्रॉम्प्टरची संहितेच्या ओळीवर, ही दोन्ही कामं एकाच डोळ्यांनी होत नाहीत.

प्रॉपर्टीबद्दल, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तूंबद्दल, थोडं सविस्तर लिहिते. हा व्यवसाय सुरू करण्याआधी मी स्वतः एका संस्थेत प्रॉपर्टी सांभाळायचे. एका प्रयोगात दुसऱ्या अंकात नायिकेनं पत्र वाचायचं होतं. पत्र पहिल्या अंकातल्या कोटाच्या खिशात राहिलं होतं आणि कोट रंगपटात टांगलेला. तिनं मेजावरचं वर्तमानपत्र उचललं, त्याआड तोंड धरलं आणि पत्र पाठच होतं म्हणून प्रसंग निभावला. तो खिसा अंक संपताच मी तपासायला हवा होता. त्या रात्री तिच्या हाताला सुटलेला कंप मी विंगेतून पाहिला आहे.

तेव्हापासून मी एकच पद्धत सांगते. विंगेत मेज ठेवा, त्यावर खाकी कागद अंथरा, प्रत्येक वस्तू कागदावर ठेवून तिच्याभोवती जाड पेनानं रेघ काढा आणि आत नाव लिहा: चष्मा, किल्ली, पत्र. वस्तू उचलली की रिकामा आकार दिसतो. अंधुक निळ्या दिव्यातही कळतं की किल्ली अजून परत आलेली नाही. वस्तू नट नेतो आणि नटच परत ठेवतो. मेजाचा माणूस प्रत्येक अंकानंतर आकार मोजतो. ज्याची स्वतःची एंट्री पाच मिनिटांवर आहे त्याच्याकडे हे मेज देऊ नका.

ड्रेपरीवर दोन माणसं हवीत, त्यातलं एक झटपट कपडेबदलासाठी विंगेत. शर्ट असा धरायचा की नटानं फक्त हात घालावेत. आम्ही सांगितल्यास वरून बटणं आणि आतून वेल्क्रो असे शर्ट देतो, बुटांना नाडीऐवजी इलॅस्टिक लावून देतो. हा बदल रंगीत तालमीच्या आधी घड्याळ लावून चार-पाच वेळा करून बघा. कॉलरच्या आत टेपवर नटाचं नाव लिहा. प्रयोगानंतर कपडे घामट असताना घडी घालू नका. रात्रभर हँगरवर राहू द्या.

रंगभूषेत हौशी माणसं आनंदानं येतात आणि हात लवकर बसतो. दोन गोष्टी मात्र कडक पाळा. स्पंज, काजळ आणि लिपस्टिक ज्याचं त्याचं वेगळं. आणि मिशी चिकटवायचा गम आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं.

लाइट्स आणि ध्वनी

दिवे टांगणारा आणि दिवे चालवणारा, ही दोन वेगळी माणसं समजा. चालवायला कान तयार असलेला, क्यू न चुकवणारा कोणीही शिकू शकतो. जोडणी मात्र वीजकाम जाणणाऱ्याकडेच द्या. हजार वॅटचा एक दिवा २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेतो. म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन दिवे चालतील, चौथा लावला की मर्यादा ओलांडली. हॅलोजनच्या दिव्याला उघड्या बोटांनी हात लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, तो भाग जास्त तापतो आणि दिवा फुटू शकतो. प्रत्येक दिव्याला आम्ही साखळी देतो, ती बारभोवती (दिवा टांगायच्या नळीभोवती) अडकवायचीच. शिडीवर कोणी असेल तेव्हा खाली कोणी फिरायचं नाही.

ध्वनीबद्दल थोडक्यात: संगीत फोनवरून वाजवणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. शोकप्रसंगात सबंध प्रेक्षागृहात रिंगटोन घुमू नये.

प्रेक्षकांकडे

दाराशी उभं राहणं हे काम सर्वांत हलकं समजलं जातं आणि उरलेल्या माणसांना दिलं जातं. कृपया तसं करू नका. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वाय थिएटरमध्ये आर्क लाइट या प्रखर दिव्याजवळ कापडी पडद्यानं पेट घेतला आणि ६०० हून अधिक माणसं गेली. थिएटर सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. कितीतरी दारं बंद होती, काहींच्या कड्या कशा उघडायच्या हे कोणाला माहीत नव्हतं, आणि दारावरच्या माणसांना अशा वेळी काय करायचं याचा सराव दिलेला नव्हता. म्हणून प्रत्येक दाराला एक नाव लिहा. त्या माणसानं प्रेक्षक आत येण्याआधी ते दार स्वतः उघडून, बाहेरपर्यंत चालून बघायचं. त्याच्याकडे टॉर्च हवा. नाटक बघत बघत त्यानं पुढच्या रांगेत जाऊन बसायचं नाही.

नाटकात मुलं असतील तर त्यांच्यासाठी एक मोठं माणूस राखून ठेवा, दुसरं काहीही काम नसलेलं. विंगेतला अंधार, वरखाली होणारे पडदे आणि उघड्या लेव्हल्स (उंच चौथरे) यांच्यात मुलांकडे ‘येता-जाता बघू’ म्हणून चालत नाही.

कोणाकडे किती वेळ

नाव लिहिण्याआधी हे एकदा विचारा. महिनाभर रोज येऊ शकणारा माणूस व्यवस्थापक किंवा प्रॉम्प्टर होईल. शनिवार-रविवार मोकळा असलेला नेपथ्याचे फ्लॅट (भिंतींसारख्या चौकटी) रंगवेल, प्रॉपर्टी जमवेल. लाइट्स आणि ध्वनी चालवणाऱ्यांनी शेवटच्या काही तालमींना तरी बसायला हवं. फक्त प्रयोगाची संध्याकाळ देऊ शकणाऱ्यांसाठी दार आहे, तिकिटं आहेत. ज्यांना बोलायचा संकोच आहे त्यांना विंगेतलं काम आवडतं, आणि ज्यांना फार वेळ उभं राहवत नाही त्यांच्यासाठी प्रॉम्प्टरची खुर्ची किंवा शिवणकाम आहे.

तक्त्यात एका माणसाचं नाव तीनदा आलं असेल तर आम्ही विचारणार, रागावू नका. त्यातलं एखादं काम नक्की सुटणार असतं.

शेवटची ओळ परतीची आहे. तिथे प्रयोगात भूमिका नसलेल्या दोघांची नावं लिहा, कारण पडदा पडल्यावर नट प्रेक्षकांना भेटत असतात. दिवे पूर्ण गार झाल्यावरच पेटीत ठेवायचे, वायर कोपरावर न गुंडाळता सैल वेटोळी करायची, आणि फाटलेलं-तुटलेलं काही असेल तर त्यावर चिठ्ठी लावून द्यायची. दुरुस्ती आम्ही करतो. फक्त ते पुढच्या संस्थेच्या हाती जाण्याआधी आम्हाला कळायला हवं.