बासची स्पर्धा भर थंडीत का भरते?

बासमास्टर क्लासिक ही अमेरिकेतली गळाने मासे धरण्याची सगळ्यात मानाची स्पर्धा. २००६ पासून, एका वर्षाचा अपवाद सोडला तर, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये भरते. त्या दिवसांत दक्षिणेकडच्या जलाशयांचं पाणीसुद्धा कधीकधी पाच-सात अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेलं असतं आणि मासा तोंड उघडायला राजी नसतो. ज्याला मासे हवे आहेत तो असा मुहूर्त कशाला धरेल? या प्रश्नाचं उत्तर तलावात कमी आणि टीव्हीच्या वेळापत्रकात जास्त सापडतं.

आधी माशाबद्दल. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला, मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला मासा. आपल्याकडच्या हॉटेलांत सी-बास म्हणून पानात येणारा जिताडा वेगळा. त्याचं याच्याशी नातं नाही. बास बुडालेल्या झाडाआड, खडकाशेजारी दबा धरून बसतो आणि टप्प्यात आलेल्या भक्ष्यावर झडप घालतो. त्याच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर खालीवर होतं. पाणी गार झालं की पचन मंदावतं, भूक मरते, पाठलाग करायची इच्छा उरत नाही. खाणं अगदी थांबत नाही, पण एक घास त्याला बराच काळ पुरतो.

या स्पर्धा जिथे होतात ते तलावही बहुतेक माणसाने केलेले आहेत. टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी १९३३ मध्ये सरकारी प्राधिकरण निघालं आणि धरणांचा सपाटा सुरू झाला. गंटर्सविलचं धरण १९३९ मध्ये झालं, तर ओक्लाहोमातला ग्रँड लेक १९४० मध्ये पूर्ण झालेल्या पेन्साकोला धरणामागे तयार झाला. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिना यांच्या सीमेवरचा हार्टवेल आणि आर्कान्सातला बीव्हर लेक हे साठच्या दशकातले. शेतं, रस्ते, ओढे, झाडं सगळं पाण्याखाली गेलं. थंडीत बास याच बुडालेल्या ओढ्यांच्या जुन्या पात्रांत जाऊन राहतो. ते पात्र नेमकं कुठे आहे हे वरून कळायचं कसं? १९५९ मध्ये लोरन्स कंपनीने ध्वनिलहरींनी पाण्याखालचं टिपणाऱ्या सोनार यंत्राचा छोटा हिरवा डबा बाजारात आणला, तेव्हा ही अडचण बऱ्याच अंशी सुटली.

या स्पर्धा सुरू करणारा रे स्कॉट हा अलाबामातल्या माँटगोमेरीचा विमा एजंट. १९६७ च्या मार्चमध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन इथे तो मासे धरायला गेला, पावसाने बेत मोडला आणि तो हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना बघत बसला. बास्केटबॉलची स्पर्धा होते, गोल्फची होते, मग बासची का नको, असं त्याच्या डोक्यात आलं. विमा विकणारा माणूस असल्याने पुढचं काम त्याने फोनवरूनच रेटलं. पैशाची पहिली सोय आर्कान्सातल्या स्प्रिंगडेलच्या एका डॉक्टरने केली. त्याच वर्षी जूनमध्ये बीव्हर लेकवर १०६ जण प्रत्येकी १०० डॉलर भरून उतरले आणि टेनेसीचा स्टॅन स्लोन जिंकला. यातून माशाच्याच नावाची ‘बास’ ही संघटना उभी राहिली. कल्पना सुचली तीच टीव्हीसमोर, हे ध्यानात ठेवायला हवं. पुढे थंडीचं जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

क्लासिक सुरू झाली १९७१ मध्ये. चोवीस स्पर्धकांना विमानात बसवलं आणि कुठे निघालोय हे विमान उडाल्यावर सांगितलं. जागा होती नेवाडातला लेक मीड. बॉबी मरे जिंकला, दहा हजार डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी स्कॉटने ‘पकडलेला मासा मारू नका’ अशी मोहीम काढली. मासे बोटीतल्या हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायचे, वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचं. ही पद्धत त्याने ट्राउट धरणाऱ्यांकडून उचलली होती, पण लाखो लोकांच्या सवयीत रुजवली ती त्याने. आजही मासा मेला तर वजनातून कापणी होते.

क्लासिक बरीच वर्षं शरद ऋतूत व्हायची. १९८४ मध्ये आर्कान्सा नदीवर ती ऑगस्टमध्ये झाली आणि उन्हाळा पक्का झाला. त्या वर्षी रिक क्लन ७५ पौंड ९ औंस, म्हणजे सव्वाचौतीस किलो मासे घेऊन जिंकला आणि मंचावर उपाध्यक्ष बुश आणि राज्याचे गव्हर्नर क्लिंटन दोघेही हजर होते. राजकारण्यांना गर्दीचा वास आधी लागतो! पण उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, टाकीतला मासा गुदमरतो. आणि धरलेले मासेही दरवेळी भरघोस निघतील याची खात्री नाही. २००५ च्या जुलैमध्ये पिट्सबर्गच्या नद्यांवर केव्हिन व्हॅनडॅम तीन दिवसांत १२ पौंड १५ औंसांवर, म्हणजे सहा किलोंच्याही आत जिंकला.

संघटना २००१ पासून ईएसपीएन या क्रीडा वाहिनीच्या मालकीची होती. २००६ मध्ये क्लासिक हंगामाच्या शेवटाऐवजी सुरुवातीला, फेब्रुवारीत आली. नवे रॉड, नवी रिळं, नवी आमिषं विकायची तर लोक वसंताच्या तयारीला लागायच्या आधी ती दिसली पाहिजेत. पडद्यावर बघितलं की शनिवारी दुकानात. फ्लोरिडातल्या टोहोपेकलिगा तलावावर ल्यूक क्लॉसनने ५६ पौंड २ औंस मासे आणले आणि बदल फळाला आल्यासारखा दिसला. पण फ्लोरिडाचा फेब्रुवारी म्हणजे काही खरी थंडी नव्हे.

खरी थंडी २०१३ मध्ये ग्रँड लेकवर भेटली आणि २०१५ मध्ये हार्टवेलवर. हार्टवेलला पहिल्या दिवशी पारा शून्याच्या बराच खाली होता आणि बोटी उशिरा सोडाव्या लागल्या. अशा वेळी रॉडवरच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो. दोर ओला असतो, रिळावर गुंडाळताना त्याचं पाणी प्रत्येक कडीत थेंबाथेंबाने गोठतं आणि चार-पाच फेकांत कडी बुजते. मग रॉडचं टोक पाण्यात बुडवून बर्फ वितळवायचा, नाहीतर आधीच कड्यांना लिप बाम चोळून ठेवायचा. काहीजण स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा मारतात. बोट मात्र तासाला शंभर किलोमीटरच्या वर पळत असते. अशा पाण्यात माणूस पडला तर पहिला मिनिट श्वास आवरण्यात जातो आणि दहाएक मिनिटांत हात काम करेनासे होतात. लहान मोटरबोटींवर इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणं २०२१ पासून कायद्यानेच बंधनकारक झालं आहे.

थंडीतलं कसब इथे उघडं पडतं. उन्हाळ्यात आमिष वेगाने ओढून माशाला चिडवता येतं. हिवाळ्यात ते त्याच्या नाकासमोर ठेवावं लागतं आणि मग काही करायचं नाही. जर्कबेट नावाचं माशाच्या आकाराचं लांबट आमिष दोन झटके देऊन थांबवतात, दहा सेकंद, कधी वीस. थांबल्यावर ते वरही येता कामा नये आणि खालीही जाता कामा नये. त्यासाठी जाणकार गळाच्या दांड्यावर शिशाची बारीक तार गुंडाळतात, तलावाच्या पाण्यात सोडून बघतात, आणखी एक वेढा देतात किंवा अर्धा काढतात. गार पाणी किंचित घट्ट असल्याने घरच्या बादलीत बरोबर बसलेलं आमिष तलावात वर तरंगू शकतं. पूर्व टेनेसीतले लोक याहून जुनी युक्ती वापरायचे. लांबलचक रॉड, वर तरंगणारा हलका गोळा आणि त्याखाली अडीच-तीन मीटरवर केसांचं हलकंसं जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ. ते लाटांबरोबर आपोआप डुलतं, माणसाने फक्त बघायचं.

हार्टवेलला केसी ॲशली जिंकला, ५० पौंड १ औंस. तो तिथलाच, साउथ कॅरोलिनाचा. त्याचं आमिष होतं डोक्याशी छोटं फिरतं पातं असलेलं जिग, आणि ते त्याच्या वडिलांनी हाताने बनवलेलं होतं. हार्टवेलच्या बासचं भक्ष्य म्हणजे ब्लूबॅक हेरिंग हा छोटा मासा, आणि ते पातं हेरिंगसारखं चमकतं. थंडीने घरच्या माणसाला फायदा दिला असं मला वाटतं; भुकेला मासा कोणाच्याही हाती लागतो, सुस्त मासा कुठे पडून आहे हे माहीत असावं लागतं. ग्रँड लेकचं उदाहरण मात्र याच्या उलटं आहे. तिथला विजेता क्लिफ पेस मिसिसिपीचा. पहिल्या दोन दिवसांत त्याने रोज साडेनऊ किलोंहून अधिक मासे आणले, तिसऱ्या दिवशी जेमतेम त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तरीही तो तरला. म्हणजे नियम काढावा असं काही नाही.

मधल्या काळात या कसबाला दोन धक्के बसले. ऑक्टोबर २०११ मध्ये गंटर्सविलवर एका वेगळ्या मालिकेत पॉल इलायसने अलाबामा रिग वापरून चार दिवसांत १०२ पौंडांवर मासे नेले. तारांच्या छत्रीला पाच आमिषं टांगलेली, म्हणजे बासला माशांचा छोटा थवाच दिसतो. गार पाण्यात याची मात्रा फार चालते. बास संघटनेने आपल्या वरच्या मालिकेतून आणि क्लासिकमधून ते लगेच बाद केलं. दुसरा धक्का बाद करणं इतकं सोपं नव्हतं. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीने लाइव्हस्कोप नावाचं नवं सोनार यंत्र आणलं. पुढच्या बाजूचा मासा आणि स्वतःचं आमिष दोन्ही पडद्यावर चालू चित्रात दिसू लागले. हिवाळ्यात बास बरेचदा खोल पाण्यात मधल्या थरात तरंगत राहतो, किनाऱ्यापासून दूर, ज्याला पूर्वी कोणी हात लावत नसे. आता तो थेट दिसतो.

टेनेसी नदीवरच्या नॉक्सव्हिलला २०२३ मध्ये कॅनडाचा जेफ गुस्ताफसन असाच जिंकला. क्लासिक जिंकणारा तो पहिला कॅनेडियन. खोल पाण्यातल्या स्मॉलमाउथ या दुसऱ्या जातीच्या बासच्या जरा वर जिग धरून ते हलू द्यायचं नाही, ही त्याची रीत. याच नदीवर २०२१ च्या फेब्रुवारीत त्याने तसंच करून एक स्पर्धा मारली होती. क्लासिकच्या तिसऱ्या दिवशी त्याला वजनाला धरल्या जाणाऱ्या पाचांऐवजी दोनच मासे मिळाले, पण आधीचं वजन पुरलं. पडद्याकडे बघत बसणं म्हणजे मासेमारी का, यावर तेव्हापासून जुनेजाणते आणि तरुण यांच्यात वाद जुंपला आहे. संघटनेने उपकरणांच्या संख्येवर मर्यादा घातली, त्याने कोणाचंच समाधान झालेलं नाही. माझा कल जुन्यांकडे आहे, पण गंमत अशी की जुन्यांच्या हातात पन्नास वर्षं लोरन्सचा डबा होताच.

२०१६ पासून क्लासिक मार्चमध्ये सरकली आहे. २०२१ ची साथीमुळे जूनमध्ये गेली तेवढी वेगळी. जानेवारी-फेब्रुवारीची खरी थंडी आता स्थानिक क्लबांकडे उरली आहे. तिथे दहा-वीस बोटींची वर्गणी एकत्र करतात, तीच बक्षिसाची रक्कम होते, आणि वजनकाट्यावर रिकाम्या हाताने येणारे निम्मे असले तरी पुढच्या शनिवारची नावं आधीच लागलेली असतात.