क्लास पियानो म्हणजे स्वस्तातला पियानो नव्हे

अमेरिकेतल्या विद्यापीठात संगीताच्या पदवीला प्रवेश मिळाला की वेळापत्रकात पियानो दोन नावांनी भेटू शकतो: ‘क्लास पियानो’ आणि ‘अप्लाइड पियानो’. आपल्याकडच्या पालकांचा हिशोब सरळ असतो. एकात दहा-पंधरा मुलं, दुसऱ्यात मास्तर आणि एकटा विद्यार्थी. म्हणजे पहिला स्वस्तातला, दुसरा खरा. पण हे दोन विषयच वेगळे आहेत. मुलांची संख्या हा त्यांच्यातला सगळ्यात किरकोळ फरक.

अप्लाइड पियानो आपल्याला पटकन कळतो, कारण तो शिकवणीसारखाच असतो. आठवड्यातून एकदा, साधारण तासभर प्राध्यापकांसमोर बसायचं. बाखचं एखादं प्रिल्यूड आणि फ्यूग, बेथोव्हनचा सोनाटा, शोपँचं एट्यूड अशा रचना महिनोन् महिने घासायच्या. सत्राच्या शेवटी प्राध्यापकांच्या समितीपुढे वाजवायचं, त्याला ‘ज्युरी’ म्हणतात. वरच्या वर्षांत जाहीर रिसायटल, म्हणजे एकट्याचा कार्यक्रम. पियानो हेच मुख्य वाद्य असणाऱ्यांचा सगळा दिवस याच्याभोवती फिरतो.

क्लास पियानोत बसलेली मुलं मात्र मुळात पियानोवाली नसतात. कोणी गायक, कोणी ट्रम्पेटवाला, कोणी पुढे शाळेत संगीत शिकवणार. त्यांना पियानोच्या वर्गात बसवण्याचं कारण कागदावरही आहे आणि व्यवहारातही. तिथल्या संगीत विभागांना मान्यता देणारी नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक ही १९२४ सालची संस्था व्यावसायिक संगीत पदवीसाठी कीबोर्डवर कामापुरता हात असावा अशी अपेक्षा ठेवते. व्यवहारातलं कारण त्याहून साधं: शाळेतला कॉयर, म्हणजे गायकवृंद बसवायचा, तर आल्टोवाल्यांची (बायकांच्या खालच्या आवाजाची) ओळ वाजवून कोण दाखवणार? शिक्षकच.

बहुतेक ठिकाणी हा अभ्यासक्रम चार सत्रांचा असतो आणि शेवटी ‘पियानो प्रोफिशियन्सी’ची, म्हणजे पियानोवरच्या कामापुरत्या कौशल्याची परीक्षा असते. ती अडली की पदवी अडते. शिक्षक होणाऱ्यांना अनेक विद्यापीठं तोवर शाळेतल्या सराव-अध्यापनालाही पाठवत नाहीत.

आता त्या वर्गात नेमकं काय चालतं ते पाहू. सी मेजरमध्ये, म्हणजे सी हा सा धरून, उजव्या हातानं सी-ई-जी हे तीन स्वर एकदम धरा; अशा एकत्र वाजणाऱ्या स्वरांना कॉर्ड म्हणतात. तिथून सी-एफ-ए, मग बी-एफ-जी, आणि परत सी-ई-जी. पहिल्या बदलात सी जागचा हलत नाही, दुसऱ्यात एफ, तिसऱ्यात जी. हात उडी मारत नाही, फक्त शेजारच्या पट्टीवर सरकतो. हीच मालिका मग सगळ्या मेजर आणि मायनर स्केलमध्ये न अडखळता आली पाहिजे. त्यानंतर एखादी चाल समोर ठेवतात, वर फक्त कॉर्डची अक्षरं. डाव्या हाताची साथ आपण तिथल्या तिथे जुळवायची. आणि जुळली की परीक्षक म्हणतात, आता हेच एक स्वर खाली वाजवा.

आपल्या साथीच्या पेटीवाल्याला यात नवल वाटणार नाही. गायिका काळी चारमध्ये, गायक काळी एकमध्ये. चीज तीच, बोटं वेगळ्या पट्ट्यांवर. स्केल चेंजर पेटीत कीबोर्डच सरकवता येतो, डिजिटल पियानोतही ट्रान्सपोजचं बटण असतं. परीक्षेत अर्थातच त्या बटणाकडे बघायचं नाही.

खरा घाम फुटतो तो ओपन स्कोअर वाचताना. कॉयरच्या चार आवाजांच्या चार ओळी, आणि दोन हातांनी त्या एकदम वाजवायच्या. त्यात टेनरची (पुरुषांच्या वरच्या आवाजाची) ओळ बहुधा ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे उंच स्वरांच्या चिन्हाखाली छापलेली असते, पण गायली जाते एक सप्तक खाली. म्हणजे डोळ्यांना दिसतं एक आणि हातानं वाजवायचं दुसरं. वाद्यवृंदवाल्यांची तऱ्हा निराळी: बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर सी लिहिलेला असतो तेव्हा ऐकू येतो बी फ्लॅट, म्हणजे एक स्वर खालचा.

आणि म्हणूनच मुंबई-पुण्यात ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांची आठवी ग्रेड काढून गेलेलं मूलही इथे गडबडू शकतं. ग्रेडच्या तयारीचा मोठा वाटा ठरलेल्या रचना उत्तम बसवण्यात जातो. ते कौशल्य अप्लाइडचं. अनोळखी चालीला जागच्या जागी साथ देणं ही वेगळी सवय आहे, आणि सोनाटा कितीही सुंदर वाजला तरी ती आपोआप येत नाही. अनेक विभाग पियानोच्या मुख्य विद्यार्थ्यांसाठीही कीबोर्ड कौशल्याचा स्वतंत्र तास ठेवतात. माझ्या मते ते योग्यच करतात.

समूहात शिकवणं हीदेखील काही कालच्या काटकसरीतून निघालेली युक्ती नाही. डब्लिनमध्ये योहान बर्नहार्ड लोजिए एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अनेक विद्यार्थ्यांना एकत्र पियानो शिकवत होता; हात सरळ ठेवणारं त्याचं ‘कायरोप्लास्ट’ नावाचं यंत्र १८१४ सालचं. इलेक्ट्रॉनिक पियानोंची पहिली प्रयोगशाळा इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेटमध्ये १९५६ साली झाल्याचं सांगतात. आजच्या लॅबमध्ये प्रत्येकाच्या कानाला हेडफोन असतो, त्यामुळे खोलीत नुसता पट्ट्यांचा टकटकाट. शिक्षक आपल्या कन्सोलवरून कोणाचंही वाजवणं गुपचूप ऐकू शकतात आणि दोघातिघांना जोडून एकत्रही वाजवायला लावतात. एक चाल, एक कॉर्ड, एक नुसता बेस. तालात राहून दुसऱ्याचं ऐकत वाजवणं एकट्याच्या शिकवणीत असं जमत नाही; इथे समूह हा तोटा नाही, सोय आहे.

क्लास पियानो आवडला आणि पुढे रचना वाजवाव्याशा वाटल्या, तर काही विभाग दुय्यम वाद्य म्हणून अप्लाइड पियानो घेऊ देतात. त्याची फी बऱ्याचदा वेगळी पडते, आधी विचारून घ्यावं. तिथे पोचल्यावर बहुधा प्लेसमेंट चाचणी होते आणि कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरतं. निघण्याआधी तयारी करायचीच असेल, तर नवी रचना पाठ करण्यात महिना घालवू नका. ‘हॅपी बर्थडे’ची चाल तीन कॉर्डवर बसते. ती सीमध्ये साथीसकट वाजवा, मग कागद न बघता जीमध्ये, मग बी फ्लॅटमध्ये.