उंदराचं लिव्हर बरं झालं, पण इंजेक्शन कधी दिलं होतं?

आमच्या मालवणच्या ग्रुपवर अधूनमधून एक फॉरवर्ड फिरतो, 'एका इंजेक्शनात लिव्हर सिरोसिस बरा, जीन थेरपीची कमाल', आणि खाली लगेच कोणीतरी विचारतंच की आबांना चालेल काय, मुंबईला मिळतं की गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात. जीन थेरपी म्हणजे पेशीत नवीन जीन घालून किंवा जीनचं काम अडवून आजार बरा करायचा. बातमी बऱ्याचदा खोटी नसते हो, फक्त ती उंदराची असते आणि उंदीर पार खाली शेवटच्या ओळीत बसलेला असतो.

आधी लिव्हरमध्ये होतं काय ते बघू. रक्तवाहिनी आणि लिव्हरच्या पेशी यांच्यामधल्या बारीक फटीत स्टेलेट नावाच्या पेशी असतात, एरवी त्या गपचूप व्हिटॅमिन ए साठवून बसलेल्या असतात. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, साखर-चरबीमुळे झालेलं फॅटी लिव्हर, असा मार वर्षानुवर्षं बसत राहिला की ह्याच पेशी ते व्हिटॅमिन सोडून देतात आणि कोलॅजन ओतायला लागतात, म्हणजे जखमेवर वण धरतो तसा वण आख्ख्या लिव्हरभर. हा फायब्रोसिस, आणि त्याचं शेवटचं टोक म्हणजे सिरोसिस.

माणसात ह्याला वीस-तीस वर्षं लागू शकतात. लॅबमध्ये एवढा वेळ कुणाकडे आहे? म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड, पूर्वी ड्राय क्लीनिंगला वापरायचे ते, ऑलिव्ह किंवा मक्याच्या तेलात मिसळून उंदराच्या पोटात टोचतात, साधारण आठवड्यातून दोनदा, आणि चार ते आठ आठवड्यांत फायब्रोसिस तयार. मग लिव्हरचा पातळ काप सिरियस रेड नावाच्या रंगात बुडवतात. निरोगी काप फिकट पिवळसर दिसतो, लाल रंग फक्त मोठ्या नसांच्या कडेला, आणि आजारी कापात लाल दोरे एका नसेपासून दुसरीपर्यंत गेलेले असतात. पेपरमधले 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो बहुतेकदा ह्याचेच.

आता खरी गोम. 1998 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी रॅटना, म्हणजे लॅबमधल्या मोठ्या उंदरांना, चार आठवडे हे विष दिलं, मग बंद केलं आणि नुसतं बघत बसले. पुढच्या 28 दिवसांत लिव्हर जवळजवळ पूर्ववत झालं, औषध काही नाही, जीन थेरपी नाही, काही नाही. त्या कोलॅजन ओतणाऱ्या पेशी आपणहून मरून गेल्या. त्यामुळे 'उपचारानंतर फायब्रोसिस कमी झाला' असं वाचलं की मी आधी शोधते की विष चालू असताना इंजेक्शन दिलं की थांबवल्यावर, आणि थांबवलं असेल तर नुसतं सलाईन दिलेले उंदीर किती बरे झाले. विषासोबतच उपचार चालू केला असेल तर तो वण पुसणं नव्हे, वण होऊ न देणं, आणि पेशंट तर वण झाल्यावरच डॉक्टरकडे येतो.

सगळंच फुसकं असतं असं नाही हां. 2008 साली जपानमध्ये केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. स्टेलेट पेशींना व्हिटॅमिन एची ओढ आहे ना, मग चरबीच्या सूक्ष्म थेंबांना व्हिटॅमिन ए चिकटवलं आणि आत आरएनएचा छोटा तुकडा भरला, गरीला कोळंबी लावून मासा गरवायचा त्यातलाच प्रकार. पेशीनं ते गिळलं की तो तुकडा कोलॅजन जुळवायला लागणारं एक प्रोटीन बनवायचा जीनकडून येणारा निरोपच अडवतो, मूळ जीनला हात लावत नाही. रॅटमध्ये फायब्रोसिस ओसरला, ते रॅट जास्त जगलेसुद्धा. पुढे ही कल्पना माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेली, पण मेडिकलमध्ये मिळेल असं औषध अजून झालेलं नाही.

दुसरा रस्ता एएव्ही ह्या निरुपद्रवी व्हायरसमधून नवीन जीन आत पाठवायचा. निरोगी उंदरात तो झकास चालतो. पण फायब्रोसिसमध्ये लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांची भोकंच बुजतात आणि फट कोलॅजननं भरते, मग व्हायरस पेशीपर्यंत पोचणार कसा? पोचला तरी तो जीन सहसा पेशीच्या डीएनएत शिरत नाही, बाजूला सुटा राहतो, आणि जखमी लिव्हरच्या पेशी भराभर दुभंगतात तसा तो पातळ होत जातो. शिवाय उंदराच्या लिव्हरमध्ये सहज घुसणारा एएव्ही8 हा त्याचा प्रकार माणसाच्या पेशीत तितका घुसत नाही, म्हणून आता माणसाच्या लिव्हर पेशी रुजवलेले उंदीर वापरतात, महागडं काम आहे ते.

आणि धोकाही आहे. स्नायूंच्या एका दुर्मिळ आजारासाठी एएव्ही8चा मोठा डोस दिलेल्या चार मुलांचा चाचणीत मृत्यू झाला, 2020-21 मधली गोष्ट, त्यांना आधीपासून लिव्हरचा त्रास होता. आपल्याला तर आजारी लिव्हरलाच हा डोस द्यायचाय!

ग्रुपवर आबांसाठी विचारणाऱ्याला मी दुसराच एक आकडा पाठवला. हिपॅटायटिस बीच्या पेशंटना टेनोफोविर गोळी पाच वर्षं दिली, आधी आणि नंतर सुई घालून लिव्हरचा तुकडा तपासला, तर सुरुवातीला सिरोसिस असलेल्या 96 जणांपैकी 71 जणांत तो उरला नव्हता. 2013 साली छापून आलंय. गोळीनं वणाला काही केलं नाही, फक्त व्हायरस दाबून ठेवला. आबांचं कारण बी आहे, सी आहे की संध्याकाळचा पेग, ते आधी तपासून घ्या म्हटलं, त्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही.