चाळीस लाखांची सवलत साफसफाईच्या धंद्याला नाही

"वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही" हे वाक्य हाउसकीपिंगची छोटी कामं घेणाऱ्यांच्या तोंडी सर्रास ऐकू येतं. ते अर्धवट आहे. १ एप्रिल २०१९ पासून आलेली ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. झाडलोट, लादी पुसणं, टाक्या धुणं या सेवा आहेत, आणि महाराष्ट्र व गोव्यात सेवांची मर्यादा २० लाखच आहे. त्याच पॅनवर फिनेल, झाडू विकत असाल तरीही २० लाखच, कारण मग धंदा निव्वळ मालाचा राहत नाही.

दुसरी चूक याहून महागात पडते. हे २० लाख नफ्याचे नाहीत, उलाढालीचे आहेत. तीन सोसायट्यांची मिळून महिन्याला १,७५,००० ची बिलं होतात असं धरा. त्यातले सव्वा लाख बायकांच्या पगारात जातात, हातात फारसं उरत नाही. पण वर्षाची उलाढाल २१ लाख झाली. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणीसाठी अर्ज करावाच लागतो.

नोंदणीनंतर बिलावर १८ टक्के लागतात. गेल्या वर्षीची उलाढाल ५० लाखांच्या आत असेल, तर कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सरसकट ६ टक्के कराची योजना घेता येते. मात्र तो कर स्वतःच्या खिशातून भरायचा, सोसायटीकडून वेगळा मागायचा नाही. आणि नोंदणीच नसेल तर बिलावर जीएसटी लावूच नका, ते बेकायदा आहे.